दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल फोर-बाय-फोर घेताना काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मित्रांसाठी, नातेवाइकांसाठी आणि स्वतःसाठी मिळून मी आजवर बऱ्याच जुन्या डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाड्या, पाहिल्या आहेत. स्कॉर्पिओ, जुनी थार, सफारी, पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, एक-दोन पजेरो. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "रनिंग किती झालंय?" समोरून आकडा येतो आणि अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. मला हा प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही. वेळच्या वेळी तेल-फिल्टर बदलत हायवेवर दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी, ऐंशी हजार किलोमीटर शहरात रखडत, एसी लावून तासन्‌तास उभी राहिलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगली निघते. आणि फोर-बाय-फोरच्या भागाला तर किलोमीटरचा हिशेब लागूच पडत नाही. तो भाग बहुतेक वेळा न वापरल्यामुळे खराब होतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. माझी पहिली फोर-बाय-फोर घेतली तेव्हा इंजिन नीट ऐकलं, धूर पाहिला, कागद पाहिले. लीव्हर ओढून पाहिला, डॅशबोर्डवर फोर-बाय-फोरचा दिवा लागला, मी खूश. पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला एका शेतात मागची चाकं रुतली. लीव्हर टाकला, दिवा लागला, पण मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवत राहिली. उतरून वाकून पाहिलं तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) फिरत होता आणि पुढची चाकं ढिम्म उभी होती. आधीच्या मालकाने अनेक वर्षांत एकदाही फोर-बाय-फोर लावलं नव्हतं. पुढच्या हबमधलं (चाक ॲक्सलशी जोडणाऱ्या भागातलं) ग्रीस सुकून दगड झालं होतं. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. दिवा फक्त ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची) हालचाल सांगतो, चाकांपर्यंत ताकद पोचली की नाही ते सांगत नाही. म्हणून खाली फोर-बाय-फोरच्या तपासणीवर मी जास्त लिहिणार आहे.

घरून निघण्यापूर्वी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. डिझेल इंजिनाचं खरं रूप पहिल्या थंड स्टार्टलाच दिसतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. इंजिन मुद्दाम गरम करून ठेवलेलं असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं.

सोबत टॉर्च, हातमोजे, टायरच्या खाचा मोजायला काहीतरी, काचेची एक रिकामी बाटली आणि ओबीडी स्कॅनर घ्या. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं हे छोटं यंत्र कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीसाठी फार उपयोगाचं आहे. पजेरो एसएफएक्ससारख्या जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिथे कान आणि नाकच.

गाडीचा नंबर आधीच वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकून पाहा. कितवा मालक, बोजा (कर्ज) आहे का, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स चालू आहे का. ई-चलनंही तिथेच बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कधीकधी त्यावरूनच जायची गरज उरत नाही.

थंड स्टार्ट

किल्ली स्टार्टच्या आधीच्या टप्प्यावर आणा. हीटर प्लगचा दिवा लागून विझतो का, इंजिनचा दिवा लागतो का ते पाहा. चालू करण्याआधी इंजिनचा दिवा लागतच नसेल, तर कुणीतरी तो काढून ठेवलेला असू शकतो. मग स्टार्ट करा. चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडतं. बराच वेळ फिरवावं लागलं तर इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतायत, हाय प्रेशर पंप दमलाय किंवा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय.

एक माणूस मागे सायलेन्सरजवळ उभा करा. सुरुवातीला थोडा पांढरट धूर आला आणि अर्ध्या मिनिटात गेला तर ठीक. तोच धूर डोळ्यांना झोंबत राहिला तर डिझेल नीट जळत नाही. वाफेसारखा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय, हेड गास्केटचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. एकदम रेस दिल्यावर काळ्या धुराचा एक ढग येणं जुन्या डिझेलला चालतं. पण सतत काळा धूर असेल तर एअर फिल्टर, ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचे पाइप, इंजेक्टर हे सगळं तपासायला लागतं.

आता इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल, किंवा भोकातून दमादमाने धूर येत असेल, तर रिंगा आणि लाइनर संपत आलेत. इंजिन बांधायचा खर्च डोळ्यांसमोर ठेवूनच पुढची बोलणी करा. गेजची काडी काढून तेलाची पातळी पाहा. डिझेलचं तेल काळं असणारच, त्याला घाबरू नका. पातळी मॅक्सच्या वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर मात्र डिझेल तेलात उतरतंय.

फॉर्च्युनरच्या पहिल्या पिढीतलं तीन लिटरचं इंजिन घेत असाल तर इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरबद्दल नक्की विचारा. ते गळायला लागले की जळलेला वायू वर येतो, तेलात काजळी वाढते आणि ती तेलाच्या जाळीत अडकून बसते. इंजिनाला तेल कमी पडायला लागल्यावरच मालकाच्या लक्षात येतं. वॉशर बदलल्याचं बिल असेल तर त्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आधीच माहीत करून घ्या. वरच्या फॉर्च्युनरला बेल्ट आहे, महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉकला चेन. बेल्ट साधारण एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. "बदललाय" हे तोंडी उत्तर धरू नका. बिल दाखवलं तर बदललाय, नाही तर तुम्हालाच बदलायचाय. बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड उघडावंच लागतं. चेनच्या इंजिनात थंड स्टार्टला खडखड येऊन ती काही सेकंदांत थांबली नाही तर टेन्शनर आणि चेन दोन्ही पाहावे लागतात.

काचेच्या बाटलीची परीक्षा

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी सोडायची छोटी चावी किंवा स्क्रू असतो. मालकाला विचारून ती सोडा आणि अर्धी बाटली डिझेल धरा. बाटली उन्हात उंच करा आणि दोन मिनिटं हलवू नका. खाली पाण्याचा वेगळा थर बसला तर फिल्टरकडे कुणी लक्ष दिलेलं नाही. मग बाटली हळूच तिरकी करा. तळाशी चंदेरी भुकटी चमकली, अगदी मिठाच्या कणाएवढी जरी, तरी मी ती गाडी घेत नाही. हाय प्रेशर पंप आतून झिजतोय आणि तीच धातूची भुकटी पुढे रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या पाइपने टाकीपर्यंत पोचलेली असते. नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी लाइन साफ करून इंजेक्टरही पाहावे लागतात. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबाने फिरतं, तिथे असल्या कणांना जागाच नाही.

स्कॅनर लावला असेल तर इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (संगणक त्याला किती कमी-जास्त डिझेल देतोय तो आकडा) पाहा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तो इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे जाणार. आणखी एक रकाना मी हमखास बघतो: फॉल्ट कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले. तिथे "३ किमी" दिसलं तर समजायचं, तुम्ही यायच्या आधी कुणीतरी कोड पुसून गाडी तयार ठेवली आहे.

मीटर खरा की मागे केलेला

पेडलचे रबर, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड, स्टिअरिंगची चकाकी, गिअरनॉबवरची पुसलेली अक्षरं. ऐंशी हजार किलोमीटरच्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत होत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी निघतात, मालकाला सोबत नेऊन त्या मागा. मोठे टायर लावलेली गाडी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: टायरचा घेर मूळपेक्षा मोठा असेल तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. म्हणजे कुणी लबाडी न करताही रनिंग आकड्यापेक्षा जास्त असू शकतं.

खालून पाहणं

हे रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावरच करा. तुमचा मेस्त्री, तुम्ही निवडलेलं गॅरेज.

आधी चेसिस. या गाड्यांची बॉडी वेगळी आणि शिडीसारखी चेसिस वेगळी असते. बॉडी रंगवून नवी करता येते, चेसिस कुजली तर गाडी संपली. चेसिसच्या आतल्या बाजूला, भोकांमध्ये टॉर्च मारा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठणठणीत आवाज आला पाहिजे. जिथे भद्द आवाज येतो, पापुद्रे सुटतात, तिथे थांबा. कोकण किनाऱ्यावरच्या आणि वाळूत चालवलेल्या गाड्यांमध्ये मागच्या चाकाच्या वरचा वळणाचा भाग आणि बॉडीचे माउंट हे मी सगळ्यात आधी पाहतो. नवं कोरं काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर मालकाला विचारा, कधी आणि कशासाठी. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीबरोबर अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराभोवती वेल्डिंगच्या किंवा घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथेच संपवा.

मग तेलं. डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) पुढे एक, मागे एक, मध्ये ट्रान्सफर केस, आणि गिअरबॉक्स. चारही ठिकाणचे भरायचे प्लग सोडून करंगळी आत घाला, बोटावर आलेलं तेल पाहा. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ओढा ओलांडताना गरम हौसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरचा (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा) पाइप तुटलेला किंवा बुजलेला असेल तर सील पाणी आत ओढून घेतात. तेल नुसतं काळं असेल तर बदलून भागेल. प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं नेहमीचं आहे, पण टोकदार तुकडे असतील तर क्राउन-पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरचे) दात गेलेत.

प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हाताने उलटसुलट पिळून पाहा, खेळ नको. ग्रीस निपलवर सुकलेली माती चढलेली असेल तर ग्रीसची बंदूक तिथे वर्षभर पोचलेली नाही. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटलेत का, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश यातलं काहीतरी या रनिंगला निघणारच. त्यासाठी गाडी सोडू नका, किमतीतून कमी करून घ्या.

आणि पुराची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी शिरलं, त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का पाहा. सीटखालच्या रुळांचा गंज, कार्पेटखालचा गाळ, फ्यूज बॉक्समधल्या कनेक्टरवर हिरवट थर. इलेक्ट्रिक शिफ्टच्या (लीव्हरऐवजी नॉबने फोर-बाय-फोर लावायच्या) गाडीत ट्रान्सफर केसची मोटर अगदी खाली असते, पाणी आधी तिलाच लागतं.

फोर-बाय-फोर खरंच चालतं का

आधी गाडीची जात ओळखा. स्कॉर्पिओ, जुनी थार या पार्ट-टाइम गाड्या, एरवी फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगात) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर ते लावून वळायचं नाही, ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर ताण चढतो. भारतात २००९ मध्ये आलेली पहिली फॉर्च्युनर फुल-टाइम आहे. चारही चाकांना कायम ताकद मिळते आणि मधला डिफरन्शियल लॉक करता येतो. २०१६ मध्ये आलेली दुसरी पिढी पुन्हा पार्ट-टाइम झाली.

मोकळं मैदान शोधा, माती किंवा खडी हवीच. पार्ट-टाइम गाडीत फोर-हाय लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि क्लच हळू सोडत पायी चालण्याच्या वेगाने एक गोल मारा. पुढची चाकं खरोखर ओढत असतील तर गाडी अडखळत, चाकं मातीवर घासत, स्टिअरिंगला झटके देत फिरेल. दिवा लागलाय पण गाडी टू-व्हीलइतकीच सहज वळली, तर हब किंवा पुढच्या ॲक्सलची जोडणी काम करत नाही. माझ्या गाडीला ही एवढी एक चाचणी केली असती तर वेल्ह्यातली दुपार वाचली असती. फुल-टाइम गाडीत हीच चाचणी मधला डिफरन्शियल लॉक करून करा.

मग पूर्ण थांबून, न्यूट्रलमध्ये फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग पण जास्त जोर) लावा. लीव्हर जड असेल पण जात असेल तर लिंकेजला तेल लागेल. नॉबच्या गाडीत मोटरचा आवाज ऐका. नुसती टिकटिक होते आणि दिवा लुकलुकत राहतो, तर मोटर किंवा तिचा सेन्सर गेलाय. फोर-लोमध्ये चढावर पहिल्या गिअरला हळू चढवा. लीव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. शेवटी टू-हायला (फक्त मागच्या चाकांवर) परत आणा आणि थोडी सरळ मागे-पुढे करा. सुटत नसेल किंवा पुढून कटकट येत असेल तर हब अर्धवट अडकलेत.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं असेल तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा पडतो. फुल-टाइम गाडीत तो फरक मधला डिफरन्शियल दिवसरात्र सोसत असतो. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, "२३१९" म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

रस्त्यावर

जमलं तर घाटात न्या. तिसऱ्या गिअरला कमी आरपीएमवर चढाला लागा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो साधारण दोन हजारांच्या आसपास नीट उचलला पाहिजे. शिट्टी वाढत जाऊन किंचाळीसारखी झाली तर टर्बोच्या शाफ्टला खेळ आहे. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. वर पोचल्यावर तापमानाचा काटा मध्याच्या वर गेलेला नको. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून हूं असा सूर आला आणि दाबल्यावर बदलला, तर मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगकडे बोट दाखवा.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर डीपीएफबद्दल (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल) विचारा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो काजळीने भरतो. तो आतून पोकळ केलेला असेल तर गाडी घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे आणि निस्तरणार तुम्ही.

कागद आणि किंमत

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च आजच धरा. दिल्लीच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या कितीतरी गाड्या स्वस्तात इकडे आल्या. त्यात चांगल्याही असतात, पण एनओसी, आपल्याकडची फेरनोंदणी आणि रोड टॅक्स धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी मांडा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

किमतीबद्दल एकच सांगतो. तपासणीत निघालेल्या कामांची यादी मेस्त्रीकडून लिहून घ्या आणि ती मालकासमोर ठेवा. इंजेक्टर, टर्बो, क्लच-फ्लायव्हील यातलं एकेक काम पाच आकडी असतं, दोन-तीन एकत्र आली तर लाख ओलांडतात. शिवाय ठरलेल्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी पाहा.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी तेलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल, कूलंट, ब्रेक ऑइल. डिझेल, हवा आणि तेलाचे फिल्टर. ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल घालण्याआधी मॅन्युअल पाहा, कारण काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं आणि गॅरेजमध्ये सवयीने नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतलं जातं. पुढचे हब उघडून जुनं ग्रीस काढा, बेअरिंग धुऊन नवं भरा, ब्रीदरचे पाइप फुंकून मोकळे करा.

हजार किलोमीटरनंतर दोन्ही डिफरन्शियलचे प्लग पुन्हा सोडून चुंबक पाहा. आणि महिन्यातून एकदा, पाऊस असो वा नसो, मातीच्या रस्त्यावर फोर-हाय लावून दोन-तीन किलोमीटर सरळ चालवा, थांबून एकदा फोर-लो लावा, परत टू-हायला आणा. गावाला जाताना शेताचा रस्ता लागतोच, मी तिथेच हे उरकतो.